लेकीचा मी भरलेला फॉर्म

मिशिगनमधल्या नोव्हाय आणि आसपासच्या गावांतल्या बऱ्याच मराठी कुटुंबांचे फॉर्म माझ्या डायनिंग टेबलावर भरले गेले आहेत. ग्रीन कार्डाचे, आईवडिलांच्या व्हिसाचे, मुलांच्या शाळेचे आणि कॉलेजचे. शनिवारी सकाळी लोक कागदांची फाइल घेऊन यायचे, माझी बायको चहा टाकायची, आणि मी काळ्या पेनाने कॅपिटल अक्षरांत एकेक रकाना भरत जायचो. सही जिथे करायची तिथे पेन्सिलने बारीक फुली मारून ठेवायचो. "काकांच्या हातचा फॉर्म परत येत नाही," असं आपल्या मराठी मंडळात म्हटलं जायचं. ते खरंच होतं. एकही परत आला नाही. त्यातला एक परत यायला हवा होता.

त्या एका फॉर्मबद्दल मंडळाच्या या अंकात लिहितो आहे. माझं वय आता शहात्तर आहे. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मी लेकीकडे राहतो, खालच्या मजल्यावरच्या खोलीत. जावई कामामुळे आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी असतात. नात एकोणीस वर्षांची आहे आणि इथून तासाभरावरच्या विद्यापीठात शिकते. ज्या लेकीबद्दल मी वीसहून जास्त वर्षं तुम्हा सगळ्यांना खोटं सांगत आलो, तीच मला रोज सकाळी गोळ्या काढून देते.

आम्ही इथे आलो तेव्हा लेक दहा वर्षांची होती. मी मोटारींच्या दारांचे भाग डिझाइन करायच्या नोकरीवर आलो. त्याआधी पुण्याजवळच्या एका कारखान्यात नऊ वर्षं असिस्टंट इंजिनिअर होतो. नऊ वर्षांत माझ्यानंतर आलेले दोघे पुढे गेले आणि माझ्या नावाखाली तोच 'असिस्टंट' शब्द राहिला. तेव्हापासून त्या शब्दाची मला चीड बसली. ही काही सबब नव्हे. पण पुढचं कळायला तेवढं सांगणं भाग आहे.

लेक कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका शनिवारी घरी आली ती फारच खुशीत. तिच्या कॉलेजात एक नवी पदवी सुरू झाली होती. पहिली दोन वर्षं सगळ्यांना सारखी: जीवशास्त्र, रसायन, शरीररचना. तिसऱ्या वर्षी दोन वाटा फुटायच्या. एक मेडिकलच्या प्रवेशाची तयारी करून घेणारी, दुसरी पीएच्या, म्हणजे फिजिशियन असिस्टंटच्या शिक्षणाची. तिला दुसरी हवी होती.

"पीए? मंत्र्याचा असतो तो?" मी विचारलं.

"बाबा, प्लीज. पीए पेशंट तपासतात, औषधं लिहून देतात, टाके घालतात. डॉक्टरांच्या टीममध्ये असतात. शिक्षण लवकर संपतं आणि पेशंटबरोबर जास्त वेळ मिळतो. मला तेच करायचंय."

"म्हणजे कंपाउंडर."

ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करतोय. बायकोने माझ्याकडे पाहिलं, ती हसली नाही.

मार्ग निवडायचा फॉर्म एका पानाचा होता. लेकीने तो टेबलावर ठेवला आणि "बाबा, नेहमीसारखा भरून ठेवा, मी जाताना सही करते," म्हणून मैत्रिणीकडे गेली. आमच्याकडे तशीच पद्धत होती. तिचा एकही फॉर्म तिने कधी स्वतः भरला नव्हता, आणि मी भरलेला कधी वाचला नव्हता.

मी नाव लिहिलं, पत्ता लिहिला, जन्मतारीख लिहिली. मग दोन चौकोन आले. त्या वर्षीच्या गणपतीत मी निदान दहा जणांना सांगून बसलो होतो की मुलगी डॉक्टर होणार. मी पहिल्या चौकोनात खूण केली. हात चुकला नव्हता. मी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं, आणि ती खूण आणखी ठळक केली.

संध्याकाळी लेक आली, फुली पाहिली, उभ्या उभ्या सही केली आणि कागद पाकिटात घातला. ती गेल्यावर बायकोने विचारलं, "तिनं सांगितला तसाच भरलात ना?" मी हो म्हटलं. ती पुन्हा कधी त्या विषयावर बोलली नाही. सहा वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा तो 'हो' तिच्याबरोबर गेला.

महिन्याभराने लेकीला कॉलेजचं पत्र आलं, की तुला मेडिकलच्या तयारीच्या तुकडीत घेतलं आहे. तिने फोन केला.

"बाबा, मी तर पीए मागितलं होतं ना?"

तेव्हा खरं बोलता आलं असतं. एका फोनचं काम होतं, दुरुस्ती झाली असती. मी म्हणालो, "तिकडे जागा कमी असतात. तुला तिथे घेतलं नसेल."

तिने विचारलं, "ऑफिसात जाऊन विचारू?"

"विचारून काय होतं? ऑफिसनं ठरवलं ते ठरवलं."

हे मीच तिला शिकवलं होतं. व्हिसावर आलेली आम्ही माणसं. खिडकीपलीकडच्या माणसाशी वाद घालायचा नाही, दिलेला कागद घ्यायचा, थँक यू म्हणायचं आणि निघायचं. तिने ऐकलं. ती कधीच विचारायला गेली नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून ऐकलेलं. मनात नसलेल्या गोष्टीची तयारी जशी होते तशीच तिची झाली. दोनदा मेडिकलची प्रवेश परीक्षा दिली, दोन्ही वर्षं कुठूनही बोलावणं आलं नाही. मग ती एका दवाखान्यात अपॉइंटमेंट देणाऱ्या टेबलावर लागली. आज ती त्या विभागाची मुख्य आहे. ती नोकरीला लागली त्या वर्षी मंडळाच्या सहलीत, पार्किंगमध्ये जेवणाचे ट्रे उतरवताना एकाने विचारलं, "काय मग, मुलीची डॉक्टरकी कुठवर आली?" मी म्हणालो, "नाही हो, अभ्यास झेपला नाही तिला." त्याने सहानुभूतीने मान हलवली. त्यानंतर कोणी विचारलं की मी तेच सांगत गेलो. सांगून सांगून ते वाक्य इतकं गुळगुळीत झालं की मलाच खरं वाटू लागलं.

ते वाक्य फिरत फिरत माझ्या घरी परत आलं ते या मार्चमध्ये.

नात जी पदवी घेते आहे ती जवळपास तीच आहे, फक्त आता मोठी झाली आहे. आता तिथे पेशंटशी बोलायचं कसं याचाही वेगळा वर्ग असतो, आणि पीएच्या प्रवेशासाठी पेशंटबरोबर प्रत्यक्ष काम केलेले तास दाखवावे लागतात. त्यासाठी ती शनिवार-रविवार आमच्या घराजवळच्या एका वृद्धाश्रमात काम करते. म्हाताऱ्यांना अंघोळ घालते, भरवते, त्यांचं बीपी मोजते. घरी आली की सरावाला मी असतोच.

त्या शनिवारी दुपारी तिने माझ्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला आणि समोर दोन छापील पानं ठेवली.

"आजोबा, तुम्ही फॉर्म एक्सपर्ट ना? हा माझा एसे चेक करा. मंडेला सबमिट करायचाय. तिसऱ्या वर्षाला मी पीए का घेतेय, ते लिहायचं असतं."

"मेडिकल नाही?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"ॲडव्हायझर म्हणते, मार्क्स दोन्हीला चालतील. बट आय नो माय लिमिट्स. वाचा ना. आणि बोलू नका, रीडिंग चुकतं."

मी वाचू लागलो. पहिलं पान चांगलं होतं. दुसऱ्या पानावर तिने लिहिलं होतं की माझ्या आईने डॉक्टर व्हायचा प्रयत्न केला होता, तिला ते झेपलं नाही. त्याआधी पीएच्या मार्गावरही तिला घेतलं गेलं नव्हतं. आपल्या घरातल्या माणसांची झेप किती आहे हे मी तिच्याकडे पाहून शिकले, म्हणून मी मोठं स्वप्न न पाहता आवाक्यातलं निवडते आहे.

"आजोबा, वन सेव्हंटी-टू! सकाळची गोळी घेतलीत ना?"

"घेतली."

"परत बघते. डीप ब्रेथ."

"हे झेपलं नाही वगैरे तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"मराठी शाळेत एक आजी म्हणायच्या. तुझ्या आईला झेपलं नाही, तू तरी कर म्हणून. मग मी आईला विचारलं. ती म्हणाली, खरंय."

तिची आई खरंय म्हणाली होती. मी कागद उलटा ठेवला आणि नातीला म्हटलं, उद्या संध्याकाळपर्यंत पाठवू नकोस. ती म्हणाली, "ग्रामर इतकं वाईट आहे?"

माझ्यापुढे आता एकच प्रश्न होता. सोमवारी ते पान गेलं की माझं खोटं माझ्या नातीच्या सहीनिशी, तिच्या आयुष्याच्या कागदपत्रांत जाऊन बसणार होतं, आणि ती त्याच्याच जोरावर स्वतःची उंची ठरवणार होती. खरं सांगितलं तर लेक माझी राहील की नाही, ठाऊक नव्हतं. या वयात दुसरं घर शोधायची वेळ येईल का, असाही विचार आला. तो आला हेही लिहून ठेवतो.

रविवारी सकाळी नात कामावर गेली. लेक बेसमेंटमध्ये ड्रायरमधून कपडे काढत होती. माझा गुडघा धरून मी पायऱ्या उतरलो.

"बाबा! खाली कशाला आलात? हाक मारायची ना."

"बसतो इथे."

"कपड्यांवर नका बसू. हा, इथे बसा. काय झालं? चक्कर येतेय?"

मी सांगितलं. सरळ सांगितलं, आधी काही पाल्हाळ न लावता. तुझा फॉर्म मी भरला तेव्हा तू सांगितलेल्या चौकोनात खूण केली नाही. तुला पीएला नाही म्हटलं नव्हतं. तुझा अर्ज तिथे गेलाच नव्हता.

तिच्या हातात टॉवेल होता. तिने त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"मी सही केली होती ना?"

"हो."

"न वाचता."

"हो."

"चुकून झालं?"

तिने मला वाट काढून दिली होती. इतक्या वर्षांनी, तेवढ्या धक्क्यातही, मला सुटायला एक फट ठेवली होती. मी म्हणालो, "नाही. मुद्दाम केलं."

ड्रायरच्या आत एक बटण अडकलं होतं, तिने ते काढलं आणि शेल्फवर ठेवलं. मग बोलली, आवाज न चढवता.

"डॉक्टर झाले नाही याचं मला काही वाटत नाही, बाबा. ते मला व्हायचंच नव्हतं. पण जे हवं होतं तिथल्या लोकांनी मला पाहून नको म्हटलं, असं मी समजत होते. रोज पीए लोकांच्या अपॉइंटमेंट लावते मी. रोज. दर वेळी मनात येतं, यांना घेतलं, मला का नाही घेतलं. माझ्यात काय कमी होतं?" आणि मग, "कंपाउंडर म्हणाला होतात तुम्ही. मी कंपाउंडर व्हायच्याही लायकीची नाही असं वाटायचं मला."

"चुकलो," मी म्हणालो. तो शब्द इतका तोकडा वाटला की पुढे काही जोडवेना.

"आईला माहीत होतं?"

"नाही. तिनं विचारलं होतं. मी खोटं सांगितलं."

तिने टॉवेल टोपलीत टाकला. मग टोपली उचलली. "लेकीला माझ्या तुम्हीच सांगा. आजच. मी तुमचं काम करणार नाही." पायऱ्यांवर थांबून म्हणाली, "आणि वर येताना कठडा धरा."

नात संध्याकाळी आली तेव्हा मी तिला तेच सांगितलं. तिने कोटही काढला नव्हता.

"वेट. म्हणजे आईनं कधी फेलच केलं नाही?"

"पीएला तिला नाकारलंच नव्हतं. मेडिकलला मी ढकललं."

"आजोबा, दॅट इज सो नॉट ओके."

"माहीत आहे."

"नो, आय डोन्ट थिंक यू डू." ती धावत वर आईकडे गेली. दार लागलं. मी खाली बसून राहिलो. वरून रडण्याचा आवाज आला, कोणाचा ते कळलं नाही, आणि बऱ्याच वेळाने दोघींच्या हसण्याचाही आला. कशाला हसल्या हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

नातीने तो निबंध पाठवला नाही. ॲडव्हायझरकडे जाऊन एक आठवडा मागून घेतला. तिने जाऊन विचारलं आणि तिला तो मिळाला. इतकं सोपं होतं ते.

त्या आठवड्याबद्दल एक गोष्ट लपवून चालणार नाही. माझ्या मनात जुना किडा पुन्हा वळवळला. आता घरातल्या माणसांच्या झेपेचा प्रश्न राहिला नाही, मार्क्स आहेत, तर ही मेडिकल घेईल की काय? मी कोणाला काही बोललो नाही, पण मला ते वाटलं, आणि कबुली दिल्यावर चौथ्या दिवशी वाटलं. माणूस एका रविवारात सुधारत नाही.

तिने पीएचाच मार्ग निवडला. या वेळी निबंधात आई नव्हती, मीही नव्हतो. वृद्धाश्रमातल्या एका आजींबद्दल होतं, ज्या कोणालाच पाय दाखवायच्या नाहीत. तिथली पीए रोज येऊन त्यांच्या पलंगावर बसायची, त्यांनी पूर्वी पाळलेल्या कोंबड्यांची चौकशी करायची, आणि पाचव्या दिवशी आजींनी आपणहून मोजा काढला. नातीने लिहिलं होतं, मला तो पाचवा दिवस करायला शिकायचं आहे. मला वाचायला दिलं ते पाठवून झाल्यावर. मी एकही दुरुस्ती सुचवली नाही. एका ठिकाणी स्वल्पविराम हवा होता.

लेक माझ्याशी अठरा दिवस कामापुरतंच बोलली. "गोळ्या घेतल्यात?" "भाजीत मीठ कमी आहे, वरून घ्या." अपॉइंटमेंट देणाऱ्या बाईचा आवाज असतो तसा. मी खोलीतल्या खोलीत सामान आवरून ठेवलं होतं, दोन बॅगा. तिने त्या पाहिल्या.

"कुठे निघालात?"

"तू म्हणशील तिथे."

"नाटकं नकोत. बॅगा आत ठेवा, व्हॅक्यूम करायचंय." मग दारात उभी राहून म्हणाली, "मला झेपलं नाही हे तुम्ही मंडळात सांगितलंत ना? मग मंडळातच सांगा. एकेकाच्या कानात नाही. अंकात लिहा. माझं नाव घालू नका, पण लिहा."

म्हणून हे लिहिलं. ज्यांना मी पार्किंगमध्ये, जेवणाच्या रांगेत, हळदीकुंकवाच्या दिवशी दारात उभं राहून ते वाक्य सांगितलं, त्या सर्वांना आज सांगतो: माझ्या लेकीला अभ्यास झेपला नाही हे खोटं होतं. तिला तिच्या अभ्यासापाशी जाऊच दिलं नाही, आणि ते मी केलं. ज्या आजींनी माझ्या नातीला ते ऐकवलं त्यांचा काही दोष नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

इथवरचं लिखाण मी मागच्या आठवड्यात पूर्ण केलं आणि लेकीला वाचायला दिलं. तिने ते जेवणाच्या टेबलावर वाचलं, एका हाताने वाटीतली आमटी ढवळत. नात वरच्या खोलीत अभ्यास करत होती. लेकीने पानं बाजूला ठेवली आणि बराच वेळ जेवत राहिली. मग आमटीकडेच पाहत म्हणाली, "आमच्याकडे एक पीए आहे, हाडांच्या विभागात. तिला आज विचारलं, शिकायला गेलीस तेव्हा वय काय होतं. एकेचाळीस म्हणाली. तिच्या वर्गात एक पन्नाशीचाही होता."

मत देण्याचा माझा हक्क संपलेला आहे, हे मला आता कळतं.

"जुने विषय पुन्हा करावे लागतील म्हणे. कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळी असतात. शरीररचना, केमिस्ट्री." तिने पोळीचा तुकडा मोडला. "मी सेहेचाळीस वर्षांची आहे. मला केमिस्ट्री झेपेल का आता?"

तो शब्द तिने मुद्दाम वापरला की सहज, कळलं नाही. तिने विचारलं होतं, म्हणून मी मला खात्रीने ठाऊक होतं तेवढंच सांगितलं.

"तो फॉर्म भरला त्या वर्षी तुला केमिस्ट्रीत ए मिळाला होता. हे मी कोणालाच कधी सांगितलं नाही."

ती हात थांबवून माझ्याकडे बघत राहिली. अठरा दिवस आणि त्यानंतरचे सगळे महिने धरून पहिल्यांदा तिने माझ्याकडे असं पाहिलं असेल.

"ए मायनस, बाबा," ती म्हणाली. "खरं लिहायला बसलाय ना? मग नीट लिहा."